लट्टलूरचे राजे आणि आपले शजरे

लातूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला तीन गोष्टी आठवतात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, शिकवणी वर्गांच्या पाट्या आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी. याच गावाचं नाव साडेअकराशे वर्षांपूर्वी दख्खनचा सर्वांत बलाढ्य राजघराणा आपल्या बिरुदात मिरवत होता, हे खुद्द लातूरकरांपैकीही थोड्यांनाच माहीत असतं.

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळातले दोन शिलालेख कर्नाटकात सिरूर आणि निलगुंद इथे आहेत. दोन्ही इ.स. ८६६ चे. त्यांत राजाला ‘लट्टलूर’ या श्रेष्ठ नगराचा स्वामी म्हटलं आहे. गंमत अशी की अमोघवर्षाची राजधानी लट्टलूर नव्हती. ती मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. राज्य एका गावातून चालवायचं आणि मोठेपणा दुसऱ्या गावाचा सांगायचा, याचा अर्थ एवढाच की ते दुसरं गाव घराण्याच्या आठवणीतलं होतं. पुण्या-मुंबईत दोन पिढ्या काढलेला माणूस ‘मूळचे आम्ही औशाचे’ म्हणतो, तसंच.

हे लट्टलूर कुठलं, यावर इंग्रज अमदानीपासून वाद झाला. शिलालेखांचे मोठे अभ्यासक फ्लीट यांनी आधी मध्य प्रांतातल्या बिलासपूरजवळच्या रतनपूरकडे बोट दाखवलं. पुढे अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९३४ साली राष्ट्रकूटांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला आणि लट्टलूर म्हणजे निजामाच्या राज्यातलं लातूर, हे मत पक्कं केलं. लातूरचं एखादं घराणं वऱ्हाडात अचलपूरकडे गेलं आणि तिथून पुढे वर आलं, असं त्यांचं अनुमान. आज बहुतेक अभ्यासक लातूरच मानतात.

पण राजे लातूरचे म्हटल्यावर पुढचा प्रश्न लगेच येतो. म्हणजे कोण? मराठे? कानडी? तेलुगू? राजपूत?

इथून खरी मजा सुरू होते. नावात ‘राष्ट्र’ आहे म्हणून कोणी त्यांना मराठ्यांचे पूर्वज ठरवलं. कोणी ‘राठोड’ शब्दाशी नातं जोडून उत्तरेत नेलं. कोणी ‘रट्ट’वरून तेलुगू ‘रेड्डीं’पर्यंत पोहोचलं. कानडी अभ्यासकांची बाजू मात्र भक्कम आहे. ‘कविराजमार्ग’ हा कानडीतला जुना ग्रंथ अमोघवर्षाच्याच दरबारातला, आणि त्यात कानडी मुलुखाची हद्द कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. नांदेडच्या घाटावर उभं राहून दक्षिणेकडे तोंड केलं तर त्या हिशेबाने समोर सगळा कानडी मुलूख! आज हे वाक्य कुणाला आवडेल आणि कुणाला टोचेल, हे सांगायला नको. पण नवव्या शतकातल्या माणसाला भाषावार प्रांतरचना माहीत नव्हती. त्याच्या घरात एक बोली, लेखात दुसरी आणि ताम्रपटात संस्कृत, यात त्याला काही अडचण वाटत नसे. आपल्या घरात दखनी, शाळेत उर्दू आणि तहसीलमध्ये मराठी चालते, तशी.

मला या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शब्द. ‘राष्ट्रकूट’ हे मुळात वंशाचं नाव दिसत नाही. जुन्या ताम्रपटांत ‘ग्रामकूट’ म्हणजे गावचा प्रमुख आणि ‘राष्ट्रकूट’ म्हणजे ‘राष्ट्र’ नावाच्या प्रशासकीय विभागाचा प्रमुख. आपल्या भाषेत पाटील आणि देशमुख. म्हणजे एखाद्या देशमुखाच्या घराण्याने तलवारीच्या जोरावर राज्य उभं केलं आणि हुद्दा हेच आडनाव झालं, इतकी साधी ही गोष्ट असावी. मराठवाड्यात आजही देशमुख हिंदू आहेत, मुसलमान आहेत. पाटील तसेच, इनामदार तसेच. ही आडनावं आपले वाडवडील काय काम करत हे सांगतात. ते कुणाच्या पोटी जन्मले हे नाही.

ताम्रपटागणिक वाढत गेलेला वंश

साधी गोष्ट सिंहासनावर बसलेल्याला पुरत नाही. दंतिदुर्गाने आठव्या शतकाच्या मध्याला चालुक्यांना हटवून राज्य मिळवलं. सुरुवातीच्या लेखांत पराक्रम आहे, बाप-आजोबांची नावं आहेत, पण महाभारत नाही. शंभरेक वर्षांनी, राज्य स्थिरावल्यावर, यदुवंश दिसू लागतो. दहाव्या शतकात कथा आणखी भरते. तिसऱ्या कृष्णाचे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत. एक वर्ध्याजवळच्या देवळीचा, इ.स. ९४० चा. दुसरा कऱ्हाडचा, ९५९ चा. त्यांत यदूच्या कुळातला सात्यकी येतो, मग ‘रट्ट’ नावाचा एक मूळपुरुष येतो आणि त्याला ‘राष्ट्रकूट’ नावाचा मुलगा होतो! हुद्द्याचं नाव एका माणसाला दिलं आणि तो सगळ्यांचा आजोबा झाला. बारकाईने पाहा, राजा जितका नंतरचा तितके त्याचे पूर्वज जुने. नातवाला जे ठाऊक आहे ते खापरपणजोबाला ठाऊक नव्हतं.

यात राष्ट्रकूटांनी काही नवं केलं नाही. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला जीमूतवाहन या विद्याधराचे वंशज म्हणवीत. सापाचा जीव वाचवण्यासाठी शिळेवर बसून स्वतःला गरुडाच्या हवाली करणारा तो जीमूतवाहन. देवगिरीचे यादव द्वारकेचं नाव लावत. रोमन लोकांनी आपला मूळपुरुष थेट ट्रॉयच्या राखेतून पळून आलेला राजपुत्र ठरवला होता. आणि राखेचा विषय निघालाच आहे तर, श्लीमान या जर्मन माणसाने १८७० च्या दशकात तुर्कस्तानात हिसारलिकची टेकडी खणून ट्रॉय शोधलं, म्हणून तो राजपुत्र खरा ठरला नाही. गाव सापडणं आणि पूर्वज सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे समजून घ्यायला तुर्कस्तानला जायची गरज नाही. लातूरहून तेरला जावं. शिलाहारांच्या बिरुदात ‘तगरपुर’ आहे, राष्ट्रकूटांच्या बिरुदात लट्टलूर आहे तसं. हे तगर म्हणजे तेरणेकाठचं तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिलं. आपण तेरला गोरोबाकाकांचं गाव म्हणून ओळखतो, पण पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनातही ते आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात येते, असं तो लिहितो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे शास्त्रीय उत्खनन झालं, नंतरही झालं. शंखाच्या बांगड्या, मणी, पांढऱ्या मातीच्या मूर्ती, विटांचं बांधकाम असं बरंच निघालं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय तिथे आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहावी. तशीच एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईला सापडली. पाँपेई ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं इ.स. ७९ मध्ये, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोहोचली होती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही त्याच घडणीची मूर्ती मिळाली आहे.

म्हणजे तगर खरं, व्यापार खरा, मलमल विणणारे हात खरे. पण तेरच्या त्या थरांत जीमूतवाहन नाही, गरुड नाही आणि शिलाहारांचा पणजोबाही नाही. राजघराण्याची कथा ताम्रपटात राहिली आणि जमिनीतून निघाल्या त्या बांगड्या.

नांदेडचंही तसंच आहे. नंदीने तप केलं म्हणून नंदीतट, ही एक कथा. मगधाच्या नऊ नंदांचा इथे डेरा होता म्हणून ‘नवनंद डेरा’, ही दुसरी. पहिली भाविकांची, दुसरी थोडं शिकलेल्यांची. प्रत्यक्ष लेखी पुरावा मिळतो तो वाशीमच्या ताम्रपटात. चौथ्या शतकातल्या वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा तो ताम्रपट ‘नांदिकड’च्या उत्तर मार्गावरचं एक गाव दान दिल्याचं सांगतो. त्यात नंदीही नाही आणि नंदराजेही नाहीत. एक सरकारी विभाग आहे, एक गाव आहे आणि ते कुणाला दिलं त्यांची नावं आहेत. इतिहासाचा कागद बहुतेक वेळा इतका रुक्ष असतो. म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

बल्हरा आणि मधुमती

आता ज्या भागामुळे हा विषय आपल्याकडे थोडा जास्त बोलला जातो, त्याकडे येतो.

इ.स. ८५१ च्या सुमारास सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावावर असलेल्या अरबी वृत्तांतात जगातल्या चार मोठ्या राजांची यादी आहे. बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि चौथा ‘बल्हरा’. बल्हरा म्हणजे ‘वल्लभराज’, राष्ट्रकूटांची पदवी. अरबांवर याच्याइतकी माया करणारा राजा नाही, असं तो वृत्तांत म्हणतो. पुढे मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास चौलला आला. रायगड जिल्ह्यातलं हे चौल तेव्हा बल्हराच्या राज्यात होतं. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं त्याने लिहून ठेवलं. ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे आणि ‘बयासिरा’. या शेवटच्या शब्दाचा अर्थही तोच सांगतो : हिंदच्या भूमीत मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेले. अजून महमूद गझनवी जन्मलाही नव्हता आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इथेच जन्मलेल्या मुसलमानांसाठी स्वतंत्र शब्द रूढ झाला होता.

हे झालं पाहुण्यांचं म्हणणं. पाहुणा यजमानाची स्तुती करतो. घरचा पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला ताम्रपटाच्या रूपात मिळाला. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६, राज्य तिसऱ्या इंद्राचं. संजाणच्या मंडलावर कारभार पाहणारा अधिकारी आहे ‘मधुमती’, सहियारहाराचा मुलगा, जातीने ‘ताजिक’. ताजिक म्हणजे अरब. मधुमती म्हणजे मुहम्मद आणि सहियारहार म्हणजे शहरयार. संस्कृत लेखकाने कानाला जसं ऐकू आलं त्याला गोड रूप दिलं. (माझ्या वर्गात हे सांगितलं की मुली हसतात. ‘सर, मधुमती तो लडकी का नाम है ना?’) या मुहम्मदला त्या पदावर नेमलं होतं इंद्राच्या आजोबाने, दुसऱ्या कृष्णाने. त्याने नदीवर मोफत तर सुरू केली आणि एक अन्नछत्र उघडलं. तिथे तांदळाचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे, असा तपशील ताम्रपटात आहे. आणि एका ब्राह्मणाच्या विनंतीवरून, राजाच्या संमतीने, देवीच्या मठासाठी गाव आणि जमीन दान दिली, हा त्या ताम्रपटाचा मुख्य विषय.

आपल्या लोकांना हे वाचून छाती फुगवावीशी वाटते. मला थोडं सावध करावंसं वाटतं. राष्ट्रकूटांचं अरबांवरचं प्रेम हे काही निव्वळ हृदयाचं नव्हतं. समुद्री व्यापाराचा पैसा त्यात होता आणि उत्तरेकडच्या गुर्जर-प्रतीहारांशी दोघांचंही वैर होतं. शिवाय संजाणचा मुहम्मद आपला पणजोबा नाही. लातूरच्या किंवा नांदेडच्या कुठल्याही शेखाला, पठाणाला त्याच्यापर्यंत धागा नेता येणार नाही. पण तो ताम्रपट एक गोष्ट निश्चित सांगतो. त्या कारभारात ‘हा कुठून आला’ याला एक शब्द पुरला, ताजिक. बाकीच्या ओळी त्याने काय केलं यासाठी लागल्या.

आपल्या घरातलं महाभारत

सातवी-आठवीच्या मुलांना मी दरवर्षी कुटुंबाचा इतिहास लिहायला सांगतो. अर्धी वही एकाच वाक्याने सुरू होते. आमचे पूर्वज अरबस्तानातून आले. काहींचे इराणातून, काहींचे बुखाऱ्याहून. एकदा एका मुलाने विचारलं, ‘सर, सब बाहर से आए तो यहाँ के लोगां कां गए?’ वर्ग हसला, पण प्रश्न बिनतोड होता.

आपल्याकडे शजरा जपण्याची रीत आहे. काही घराण्यांचे शजरे खरोखर जुने आहेत. दर्ग्यांच्या सज्जादानशीनांकडे सनदांसह आहेत. कंधारला हाजी सय्याह सरवर मख्दूम यांचा दर्गा आहे. ‘सय्याह’ म्हणजे फिरस्ता, तेव्हा माणसं दुरून येत होती हे खोटं कसं म्हणणार? पण गावोगावचे अत्तार, बागवान, पिंजारी, मोमीन, तांबोळी, मण्यार, कसाई, ही तर सरळसरळ कामाची नावं आहेत. ‘राष्ट्रकूट’ आहे तशी. चार पैसे हातात आले, मुलगा आखातात गेला, पक्कं घर झालं, की दिवाणखान्यात शजरा टांगला जातो आणि त्यात एखादा ‘रट्ट’ जन्म घेतो. धान्य महागलं की जुलाह्याचा शेख होतो आणि शेखाचा सय्यद, अशी थट्टा आपल्याच बुजुर्गांनी करून ठेवली आहे. चौदाव्या शतकात इब्न खल्दून याने तर शास्त्र म्हणूनच मांडलं की नसब ही बऱ्याच अंशी मानण्यावर टिकलेली गोष्ट आहे. आश्रयाने, करारमदाराने, सोयरिकीने माणसं दुसऱ्या कुळात शिरतात आणि दोन-तीन पिढ्यांत तसं घडल्याचं विसरतात. उपयोग एवढाच, की माणसं एकमेकांना धरून राहतात.

या थट्टेची आज किंमत मोजावी लागते आहे. एकीकडे आपण हौसेने ‘बाहेरून आलो’ म्हणायचं आणि दुसरीकडे कोणी ‘तुम्ही बाहेरचे’ म्हटलं की दुखावून घ्यायचं. दोघांचा पुरावा एकच, टांगलेला शजरा. दुसऱ्या टोकाला, प्रत्येक लेणं पांडवांनीच कोरलं आणि प्रत्येक टेकडीखाली आमचंच राज्य पुरलेलं आहे, असं मानणारेही ताम्रपट वाचण्याआधीच वंश ठरवून मोकळे होतात.

याच मराठवाड्यात १९१४ साली निजाम सरकारने पुराणवस्तू खातं काढलं. उर्दूत ‘आसार-ए-कदीमा’. त्याचे पहिले प्रमुख गुलाम यझदानी. दिल्लीचा हा माणूस अरबी-फारसीचा पंडित होता. त्यांच्या देखरेखीखाली इटालियन कारागिरांनी अजिंठ्याच्या चित्रांची डागडुजी केली आणि पुढे त्या चित्रांवरचे त्यांचे ग्रंथ निघाले. निवृत्तीनंतर त्यांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा जो मोठा ग्रंथ संपादित केला, त्यात राष्ट्रकूटांचं प्रकरण लिहायला आळतेकरांना दिलं. यझदानी यांनी बौद्ध लेणी जपताना ती कुणाच्या पूर्वजांची हे विचारलं नाही. ‘आसार’ या शब्दाचा अर्थच मुळी खुणा, पावलांचे ठसे. वंश नव्हे.

आता हा सगळा विषय अभ्यासकांपुरता राहिलेला नाही. २०२३ साली राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मान आला. माझ्याकडेही खेड्यांतून माणसं येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी मोडून फाटत आलेले कागद, वर शिकस्ता उर्दूत लिहिलेलं. ‘गुरुजी, यात आमची जात लिहिली आहे का बघा.’ उर्दू शाळेच्या मास्तरापुढे बसून वारकरी माळ घातलेला म्हातारा आपलं मूळ शोधतो, तेव्हा मी शक्य तितकं हळू वाचतो, कारण एका शब्दावर नातीचं कॉलेज अडलेलं असतं.

कधी तो शब्द सापडतो, बऱ्याचदा सापडत नाही. मागच्या पावसाळ्यात असाच एक कागद वाचला. त्यात जात नव्हती, कूळ नव्हतं. जमिनीचं क्षेत्र होतं, विहिरीतला हिस्सा होता, साक्षीदार म्हणून दोन नावं होती, एक मुसलमान आणि एक लिंगायत. मग चतुःसीमा : पूर्वेला गायरान, पश्चिमेला ओढा, दक्षिणेला भावकीचं शेत, उत्तरेला मशिदीची इनाम जमीन. म्हाताऱ्याने चारही दिशा माझ्याकडून दोनदा वाचून घेतल्या आणि म्हणाला, ‘ओढा तेवढा आता बुजला. बाकी सगळं तिथंच हाय.’